बॅटरी फ्रेमवर की मागच्या कॅरिअरवर?

साध्या सायकलला मोटर किट बसवताना आधी बॅटरीची जागा ठरवा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी साधारण अडीच-तीन किलोची. वजन फार नाही, पण ते कुठे बसतं त्यावर तोल ठरतो.

फ्रेमच्या खालच्या नळीवर, बाटलीच्या स्टँडच्या भोकांत पट्टी कसून त्यावर बॅटरी लावली की भार खाली आणि मधोमध राहतो. त्रिकोणात जागा असेल तर दुसरा विचारच करू नका.

लेडीज सायकलला मात्र ती जागाच नसते. तिथे कॅरिअर हवं, आणि ते नीट बघून घ्या. सीटच्या दांड्याला एकाच क्लॅम्पने धरलेलं कॅरिअर खड्ड्यांत डुलतं, हळूहळू एका बाजूला फिरतं. दोन्हीकडून चाकाच्या आसाजवळ टेकू उतरणारंच घ्या. नट आत नायलॉनची कडी असलेले, म्हणजे हादऱ्यांनी सैल न होणारे लावा, बॅटरीखाली रबराची पट्टी द्या आणि आठवड्याभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळा. मोटरही मागच्या चाकात असेल तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं. अशा सायकलला पुढच्या चाकातली मोटर बरी, फक्त फोर्क, म्हणजे ते चाक धरणारा चिमटा, पोलादी हवा.