बेल्हार की कैरोस?

साउथ आफ्रिकेत वर्णभेदाला चर्चचाच टेकू होता, १८५७ मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने (म्हणजे चर्चच्या सभेने) इतर वर्णीयांसोबत बसणं काही गोऱ्यांना चालत नाही म्हणून वेगळी उपासना मान्य केली, तीही देवाच्या घरात! त्याला चर्चच्या आतूनच दोन लेखी उत्तरं आली, बेल्हार आणि कैरोस. बेल्हार हे श्रद्धेचं निवेदन, मसुदा १९८२ चा, मंजुरी १९८६ ची, त्यात मिश्रवर्णीयांच्या चर्चने श्रद्धा म्हणूनच सांगितलं की सगळे एक आहेत आणि देव अन्याय झालेल्यांच्या बाजूने उभा राहतो. कैरोस हे धर्मपंडितांचं निवेदन १९८५ चं, आणीबाणीतलं, सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतून आलेलं, आणि ते सरकारला तर झोडपतंच पण न्यायाआधीच समेटाच्या गप्पा मारणाऱ्या चर्चलाही सोडत नाही. बेल्हार जास्त टिकलं, अमेरिकेतल्या काही चर्चेसनीही नंतर स्वीकारलं. तरी मला कैरोसच जवळचं वाटतं, कारण मार खाणाऱ्याला आधी माफ कर म्हणणं हा पण अन्यायच आहे.