उपग्रह आणि बांध यांच्यामध्ये आठ आठवडे : एका संशोधन-उमेदवारीचे परीक्षण

शाश्वत शेतीचे दूरस्थ निरीक्षण या विषयावरील विद्यार्थी संशोधन-उमेदवारी (इंटर्नशिप) मी नुकतीच पूर्ण केली. कालावधी आठ आठवड्यांचा होता. त्यांपैकी जवळपास सहा आठवडे संगणकासमोर गेले आणि उरलेले शेतात, माहितीपत्रकात मात्र ही वाटणी निम्मी-निम्मी छापली होती. अर्ज करू इच्छिणाऱ्यांसाठी माझे मत आधीच सांगते : अनुभव घेण्यासारखा आहे. फक्त शीर्षकातले ‘निरीक्षण’ येथे उत्तम शिकायला मिळते आणि ‘शाश्वत’ हा शब्द बऱ्याच अंशी शीर्षकातच राहतो.

कामाचा पाया युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहजोडीच्या प्रतिमांचा होता. मूळ जोडीतला पहिला उपग्रह २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये सोडला गेला. अशी जोडी मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते, प्रकाशाच्या १३ पट्ट्यांमध्ये (तरंगलांबीच्या टप्प्यांमध्ये) परावर्तित प्रकाश मोजते आणि तिच्या प्रतिमा कोणालाही विनामूल्य मिळतात. लाल आणि निकट-अवरक्त (लाल रंगाच्या लगेच पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) पट्ट्यांत प्रतिमेचा एक चौकोन जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण एक गुंठा. ३० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब शेताचे असे ३० चौकोन होतात खरे, पण कडेच्या चौकोनांत बांध, झाडांच्या सावल्या आणि शेजारचे पीक मिसळलेले असल्यामुळे ते गाळले, की हातात आठच उरतात. एकही नकाशा उघडण्यापूर्वी हा हिशेब आमच्याकडून कागदावर करून घेतला गेला, ही गोष्ट मला फार आवडली.

तिसऱ्या आठवड्यातला प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. चाळीस शेतांच्या चार वर्षांच्या प्रतिमांवरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, काढण्याचे काम माझ्याकडे होते. निकट-अवरक्त आणि लाल यांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागायचे, इतके ते सोपे आहे. माझ्या आलेखात जानेवारी २०२२ च्या अखेरीस सगळ्या शेतांची रेषा एकदम खाली आली आणि नंतर पूर्वीच्या उंचीवर कधी पोहोचलीच नाही. आच्छादन पीक, म्हणजे जमीन झाकून ठेवण्यासाठी घेतलेले पीक, जमिनीत गाडल्यामुळे ही घट झाली असावी, असे अर्धे पानभर स्पष्टीकरण मी लिहूनही टाकले. मार्गदर्शकांनी ते शांतपणे वाचले, आलेखात तुलनेसाठी घेतलेल्या जंगलाच्या रेषेवर बोट ठेवले आणि विचारले, “मग जंगल कोणी नांगरलं?”

कारण प्रक्रियेत होते. २५ जानेवारी २०२२ पासून या प्रतिमांच्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवले जातात आणि वापरणाऱ्याने ते आधी वजा करायचे असतात, त्यापूर्वीच्या जुन्या फायलींत ही भर नसते. निकट-अवरक्त ४००० आणि लाल ५०० असेल तर निर्देशांक ०.७८ येतो. तेच आकडे ५००० आणि १५०० म्हणून घेतले, तर तो ०.५४ वर घसरतो, कारण वजाबाकीत हजाराला हजार कटतात आणि बेरजेत मात्र दोन हजार वाढतात. ही चूक मी जन्मात विसरणार नाही. तरीही, आम्हाला दिलेल्या प्रतिमासंग्रहासोबत या बदलाची नोंद असायला हवी होती, आणि ती नव्हती.

शेतातले काम उशिरा सुरू झाले, कारण ओल मोजणारे संवेदक पहिले दोन आठवडे आलेच नव्हते. आल्यावर त्यांनी पुष्कळ शिकवले. पाऊस होऊन दोन दिवस झाले असताना एक संवेदक जेमतेम ९ टक्के ओल दाखवत होता. हातात घेतलेली माती तर मुठीत दाबल्यावर ढेकूळ धरत होती आणि बोटाने ढकलताच मोकळी होत होती, म्हणजे वाफसा उत्तम होता. शंका आली म्हणून आम्ही शेजारचीच माती काढून वजन केले, तेव्हा ती ११८ ग्रॅम भरली, आणि १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवल्यावर १०० ग्रॅम. वजनी ओल १८ टक्के आणि मातीची घनता दर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरून आकारमानी ओल, म्हणजे संवेदक दाखवतो ती, २३ टक्क्यांच्या आसपास आली. संवेदक उपटून पाहिला तेव्हा त्याच्यासाठी पाडलेले भोक जरा सैल झाले होते आणि मातीसोबत मधली हवाही मोजमापात येत असल्यामुळे तो ओल कमी दाखवत होता.

आता ‘शाश्वत’ या शब्दाकडे येते. शेत रासायनिक खताने हिरवे झाले की शेणखताने, हे एनडीव्हीआयला कळत नाही, आणि पीक दाट झाले की तो आणखी वाढतही नाही. मुख्य पीक निघाल्यानंतरच्या महिन्यांत आच्छादन पीक होते की नाही, हे प्रतिमांवरून बऱ्यापैकी ओळखता येते. जमिनीवर राहिलेली धसकटे आणि काडीकचरा लघुतरंग-अवरक्त (निकट-अवरक्ताच्याही पलीकडच्या) पट्ट्यांवरून अजमावता येतो, पण त्या पट्ट्यांचा चौकोन २० मीटरचा असतो आणि माती ओली असली की अंदाज चुकतो. सेंद्रिय कर्बाचे नमुने अनेकदा ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत घेतले जातात, उपग्रहाला मात्र उघड्या जमिनीचा अगदी वरचा थरच दिसतो. निचऱ्यातून वाहून गेलेले नायट्रेट आणि गांडुळांची संख्या यांचा तर प्रश्नच नाही. युरोपीय संघात २०२३ पासून शेती-अनुदानाच्या पडताळणीसाठी सदस्य देशांना अशा प्रतिमांवर आधारित निरीक्षण बंधनकारक झाले आहे, त्यामुळे या मर्यादांवर किमान दोन पूर्ण सत्रे ठेवायला हवी होती. आम्हाला एक मिळाले, तेही घाईचे.

दुसरी उणीव रडारची. ऐन वाढीच्या काळात तीन आठवडे ढग होते आणि आम्ही ती पोकळी सरळ रेषेने जोडून टाकली. ढगांतून आरपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहांच्या प्रतिमा उपलब्ध असताना त्यांच्यासाठी अर्धाच तास काढला गेला, याला हलगर्जीपणाच म्हणावे लागेल. साप्ताहिक बैठका मात्र एकदाही चुकल्या नाहीत.

पायथॉन या संगणकभाषेची तोंडओळख असलेल्या आणि चिखलात उतरायला न कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याने अर्ज जरूर करावा. मुलाखतीत संवेदक हाती आले आहेत का आणि पडताळणीसाठी शेतात किती दिवस मिळणार, हे दोन प्रश्न न संकोचता विचारावेत. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. अखेरच्या अहवालाच्या नमुन्यात ‘शाश्वतता गुणांक’ असा एक रकाना होता. चाळीसपैकी अकरा शेतांबाबतच मला आच्छादन पीक असल्याचे खात्रीने लिहिता आले, आणि तेवढ्यावरूनही गुणांक देता येणार नाही, म्हणून चाळीसही ओळींत मी ‘प्रतिमांवरून ठरवता येत नाही’ असे लिहिले. मार्गदर्शकांनी एक अक्षरही न बदलता अहवाल स्वीकारला आणि पुढच्या तुकडीच्या नमुन्यातून तो रकाना काढून टाकला. प्रमाणपत्रावर शीर्षक मात्र पूर्वीचेच छापून आले.