स्क्रिप्ट एकाच फोल्डरमधून चालवायची, तर कुलूप कुठे लावायचं?

जामनेर-बोदवडकडची एखादी जिनिंग धरा. कापसाचा हंगाम, फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग आणि वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक संगणक. त्यावरची बॅच फाइल, म्हणजे विंडोजला ओळीने आज्ञा देणारी छोटी स्क्रिप्ट, आपल्या शेजारच्या 'डेटा' फोल्डरातल्या वजनपावत्या 'रोबोकॉपी' या विंडोजच्या कॉपी करायच्या आज्ञेने ऑफिसच्या सर्व्हरवर चढवते, तेही '/एमआयआर' लावून, म्हणजे इकडे जे नाही ते तिकडूनही पुसलं जातं. ऑपरेटर सोयीसाठी सगळं फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करून ठेवतो आणि आठ दिवसांनी तिथली फाइल डबल-क्लिक करतो. मधल्या आठ दिवसांच्या पावत्या सर्व्हरवरून गायब. तिथूनच चालवायची सवय लागली, तर नव्या पावत्या वर पोचतच नाहीत.

हे थांबवायचे मार्ग बरेच आहेत. कोणता घ्यायचा हे एकाच प्रश्नावर ठरतं: तुम्हाला चूक अडवायची आहे की चलाखी?

नुसती चूक अडवायची असेल, तर स्क्रिप्टनेच आपली जागा तपासणं पुरे. पैसे लागत नाहीत, पाच मिनिटांत होतं. बॅच फाइलमध्ये 'टक्का, टिल्ड, डीपी, शून्य' (%~dp0) हा शब्द स्क्रिप्ट जिथे ठेवली आहे ते फोल्डर देतो. ते 'सी:\काटा\' शी जुळलं नाही, तर संदेश दाखवून बाहेर पडायचं. तुलना 'इफ /आय'ने करा, नाहीतर लहान-मोठ्या अक्षरांवरून अडेल. शेवटची उलटी तिरकी रेघ विसरू नका. बॅचमध्ये ती येते. ऑटोहॉटकी या दुसऱ्या स्क्रिप्ट-भाषेत हेच काम करणाऱ्या 'ए_स्क्रिप्टडिर'मध्ये येत नाही, आणि एकीकडची ओळ दुसरीकडे उतरवताना नेमकं इथेच फसतं. तपासणी चालू फोल्डरवरून ('सीडी'), म्हणजे आज्ञा त्या क्षणी ज्या फोल्डरात चालते आहे त्यावरून करू नका. स्क्रिप्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडली, किंवा ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' रिकामं सोडलं, की चालू फोल्डर 'सिस्टम३२' होतं आणि बरोबर जागची स्क्रिप्टही नकार देते. नेटवर्कवर आणखी एक गंमत: तेच फोल्डर 'के:' ड्राइव्हने उघडलं तर एक पत्ता, सर्व्हरच्या नावाने उघडलं तर दुसरा. दोन्ही मान्य करा, नाहीतर सगळ्यांना एकाच शॉर्टकटवरून उघडायला लावा.

हा मार्ग मोडायला नोटपॅड पुरतं. 'एडिट' केलं, ती ओळ काढली, झालं. म्हणून याला सूचनाफलक समजा.

पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या स्क्रिप्ट-भाषेच्या 'एक्झिक्युशन पॉलिसी'वर, म्हणजे स्क्रिप्ट चालू द्यायच्या की नाही या सेटिंगवर, काही जण भिस्त ठेवतात. ती ठेवू नका. 'बायपास' लिहून कुणीही ती ओलांडतो, आणि स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरात आहे हे ती पाहतही नाही.

खरं कुलूप हवं तर ॲपलॉकर, म्हणजे काय चालेल आणि काय नाही हे ठरवणारी विंडोजमधली सोय. त्यात पाथचा, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याचा नियम लिहिता येतो: बॅच, पॉवरशेल, व्हीबीस्क्रिप्ट आणि जेस्क्रिप्ट फाइल अमुक फोल्डरातूनच चालेल. पूर्वी तो लागू करायला विंडोजची एंटरप्राइझ आवृत्ती लागायची. विंडोज १० च्या '२००४' या क्रमांकाच्या (हे साल नव्हे) आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर, अपडेट चढवलेले असतील तर, ही अट राहिलेली नाही. मात्र होम आवृत्तीत नियम लिहायची ग्रुप पॉलिसीची खिडकी नसते, म्हणून काट्यावर प्रो असलेली बरी. असंच काम करणाऱ्या जुन्या 'सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी'च्या वाटेला आता जाऊ नका. विंडोज १० च्या '१८०३' क्रमांकाच्या आवृत्तीपासून ती मोडीत निघाली आहे.

नियम लिहूनही काहीच अडत नसेल, तर आधी 'ॲप्लिकेशन आयडेंटिटी' सेवा पाहा. ती बंद असली की ॲपलॉकर नावालाच उरतो. सर्व्हिसेसच्या खिडकीतून ती 'ऑटोमॅटिक' होत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'एससी कॉन्फिग'ने करावी लागते. सुरुवातीला नियम 'ऑडिट ओन्ली'वर ठेवा, म्हणजे काही अडणार नाही, फक्त नोंद होईल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ८००६ म्हणजे 'नियम लागू असता तर अडली असती', ८००७ म्हणजे खरंच अडली. महिनाअखेरचा हिशेब एकदा होऊ द्या, मगच लागू करा. कारण नियम फक्त तुमच्या स्क्रिप्टपुरता नसतो: परवानगी दिलेल्या जागा सोडून बाकी सगळ्याच स्क्रिप्ट बंद होतात, काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याने कुठल्यातरी कोपऱ्यात ठेवलेल्यासुद्धा.

आता सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट. सी: ड्राइव्हच्या मुळाशी नवं फोल्डर केलं की लॉगिन झालेल्या प्रत्येकाला त्यात फाइल टाकायची-बदलायची परवानगी आपोआप मिळते. मग 'सी:\काटा'ला मुभा देणारा नियम काय कामाचा? कुणीही आपली फाइल त्यात टाकेल आणि चालवेल. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन 'डिसेबल इनहेरिटन्स' करा, आधीच्या परवानग्या कायम ठेवणारा पर्याय निवडा आणि यादीतून 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' काढून टाका. यूझर्सना फक्त वाचणं आणि चालवणं उरलं पाहिजे. पावत्यांचा 'डेटा' मात्र या फोल्डरबाहेर हलवा, तिथे लिहावं लागतंच. ऑपरेटरचं खातं ॲडमिन असेल तर ही सगळी मेहनत वाया.

पायथॉनवाल्यांसाठी इशारा: ॲपलॉकर '.पीवाय' फाइलकडे पाहतच नाही, पायथॉनच्या एक्झिक्युटेबलकडे पाहतो. त्याला परवानगी दिली की तो कुठल्याही फोल्डरातली फाइल वाचून चालवतो. ऑटोहॉटकीचंही तेच. लिनक्सवर एखाद्या ड्राइव्हवरून काही चालू न देणारा 'नोएक्झेक' पर्यायही असाच: 'बॅश' लिहून पुढे फाइलचं नाव दिलं की स्क्रिप्ट चालते.

काट्यासारख्या ठिकाणी मात्र आम्ही तिसरा मार्ग सुचवू: कुलूप स्क्रिप्टला न लावता सर्व्हरवरच्या पावत्यांना लावा. 'काटाबॅकअप' असं वेगळं खातं करा, शेअरवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या सामायिक फोल्डरवर, लिहायची परवानगी फक्त त्याला, आणि टास्क शेड्युलर त्या खात्याने रोज रात्री ९ ला स्क्रिप्ट चालवेल. डेस्कटॉपवरची प्रत कुणी चालवलीच तर 'ॲक्सेस डिनाइड' येईल आणि सर्व्हरचं काही बिघडणार नाही. 'रन व्हेदर यूझर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा. 'डू नॉट स्टोअर पासवर्ड'वर खूण केलीत तर टास्कला नेटवर्क मिळणार नाही. डोमेन, म्हणजे सगळी खाती एकाच ठिकाणाहून सांभाळायची व्यवस्था, नसेल तर दोन्ही संगणकांवर या खात्याचं तेच नाव, तोच पासवर्ड. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहा, आणि 'स्टार्ट इन'मध्ये अवतरणचिन्हं घालू नका, टास्क सुरूच होत नाही. 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स' राहून गेलं, तर विंडोजच्या मूळ सेटिंगप्रमाणे ४२ दिवसांनी पासवर्डची मुदत संपते. दसऱ्याला सुरू केलेला बॅकअप मग ऐन आवकेच्या दिवसांत गुपचूप थांबलेला सापडतो.