हिंटरलँड डीव्हीडी सेट (सीझन १): एकच मालिका, दोन भाषांत दोनदा शूट केलेली

ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या 'हिंटरलँड' या क्राइम मालिकेच्या पहिल्या सीझनचा डीव्हीडी सेट मावसभावाने कार्डिफहून आणला आणि सध्या रविवारी दुपारी आमच्याकडे सहकारनगरात तोच चालू असतो. खून, तपास, इन्स्पेक्टर वगैरे सगळं आहेच, पण मला रिव्ह्यू लिहावासा वाटला तो ही मालिका ज्या पद्धतीने बनवली त्यासाठी, कारण मराठी मालिका बनवणाऱ्या आणि बघणाऱ्या सगळ्यांनीच ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी सेटचं सांगते. ब्रिटनची डिस्क म्हणजे रीजन २ (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालते त्याचा कोड) आणि आपल्याकडचा रीजन ५, त्यामुळे मागवायच्या आधी आपला प्लेअर सगळे रीजन घेतो का ते बघून घ्या, लॅपटॉपच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो पण मोजक्याच वेळा. चार भाग आहेत, प्रत्येक दीडेक तासाचा, म्हणजे एका दुपारी एकच बघून होतो.

गोष्ट घडते वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथमधे, समुद्रकाठचं युनिव्हर्सिटीचं गाव, आणि आजूबाजूला ओले डोंगर, मेंढ्या, एकेकटी शेतघरं. लंडन सोडून आलेला इन्स्पेक्टर टॉम मथायस (रिचर्ड हॅरिंग्टन, माणूस कमी बोलतो आणि डोळ्यांनीच सगळं करतो) आणि त्याच्याबरोबर काम करणारी मारेड रीस (माली हॅरिस), ती तिथलीच. वेग संथ आहे हं, एकदम संथ, पण त्या जागेचा गारठा अंगात उतरतो. इंग्रजी आवृत्तीतही गावातली माणसं मधेच आपापसात वेल्श बोलतात, खाली सबटायटल येतं, आणि कुणी कुणाशी कुठली भाषा धरली यावरून कोण आपलं कोण परकं ते कळत जातं. सासूबाईंना इंग्रजी पटपट समजत नाही पण ही गोष्ट त्यांनी माझ्याआधी पकडली, "बघ, पोलिसासमोर वेगळं बोलतात आणि घरात वेगळं".

आता मुद्द्याची गोष्ट. वेल्श भाषेचं चॅनल एसफोरसी आणि बीबीसी वेल्स या दोघांनी मिळून ही मालिका करवून घेतली. एवढी महागडी क्राइम मालिका एकट्या वेल्श चॅनलच्या खिशाला झेपणं अवघड, पण इंग्रजी आवृत्ती असली की ती बाहेरच्या देशांत विकता येते आणि त्या विक्रीच्या भरवशावर पैसा उभा राहतो, डेन्मार्कच्या डीआर चॅनलने तर ती कुठेही दाखवली जायच्या आधीच विकत घेतली होती. म्हणून मग प्रत्येक सीन दोनदा शूट केला, एकदा वेल्शमधे आणि एकदा इंग्रजीत, तेच नट, तीच जागा, तेच युनिट. डबिंग नाही! वेळ जास्त लागतो आणि नटांना दोन्ही भाषांतले संवाद पाठ करावे लागतात हे उघड आहे, पण सगळं सामान हलवून त्या डोंगरात जायचा खर्च एकदाच होतो. दाखवायचा क्रमही बघा, २९ ऑक्टोबर २०१३ ला आधी एसफोरसीवर वेल्शमधे 'अ ग्विल' या नावाने, मग जानेवारी २०१४ मधे बीबीसी वन वेल्सवर, आणि त्यानंतर बीबीसी फोरवरून सगळ्या ब्रिटनला. म्हणजे पहिला मान छोट्या भाषेचा.

आणि ही भाषा किती छोटी आहे माहितीये? २०२१ च्या जनगणनेत वेल्समधे वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार. २०११ ला नुसत्या पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती आणि देशात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींच्या वर. हे त्यांना आयतं मिळालेलं नाहीये. ब्रिटिश सरकारने वेल्श चॅनल देण्याचं वचन मोडलं तेव्हा १९८० मधे ग्विनफोर एव्हन्स या वेल्श नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली, सरकारला माघार घ्यावी लागली आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एसफोरसी सुरू झालं. पुढे कायद्यातच लिहिलं गेलं की बीबीसीने आठवड्याला किमान दहा तासांचे कार्यक्रम एसफोरसीला द्यायचे. १९७४ पासूनची त्यांची रोजच्या जगण्यावरची मालिका 'पोबल अ कूम' अजूनही बीबीसी बनवतं आणि एसफोरसी दाखवतं. म्हणजे हिंटरलँड करायला बसले तेव्हा दोन्ही चॅनलच्या माणसांना एकमेकांची सवय होती, हिशोब कसा वाटायचा ते माहीत होतं.

त्याच १९८२ मधे आपल्याकडे काय झालं तर १५ ऑगस्टला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मुंबई दूरदर्शन १९७२ चं, सिंहगडावरच्या टॉवरमुळे ते पुण्यात दिसायला लागलं, आणि मग संध्याकाळ मराठी आणि रात्र दिल्लीची अशी वाटणी झाली. रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमे सबटायटलसकट देशभर दाखवायचे ते फार चांगलं काम होतं, पण ते तयार झालेलं काम दाखवणं होतं. दोघांनी पहिल्या पानापासून एकत्र बसून, पैसे वाटून घेऊन एक गोष्ट करायची हे वेगळं.

आत्ता खासगी चॅनलचा जो रस्ता आहे तो रिमेकचा. बंगाली 'श्रीमयी' वरून मराठीत 'आई कुठे काय करते' झाली आणि हिंदीत 'अनुपमा', तिन्ही एकाच नेटवर्कच्या चॅनलवर, पण तीन वेगळी युनिटं, तीन वेगळे सेट. रोजच्या मालिकेला ते ठीकच आहे, रोज एक भाग द्यायचा तर दोनदा शूट करायला वेळ कुठून आणणार, आणि बायकांनी त्या तिन्ही मालिका मनापासून बघितल्यात. पण आठ-दहा भागांची, खऱ्या जागेवर जाऊन करायची मालिका असेल तर रिमेकपेक्षा वेल्सचा हा दोनदा शूट करायचा रस्ता सरस आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण रिमेकमधे गावच बदलतं, इथे गाव तेच राहतं.

आणि हे आपल्याला नवीन आहे असं कुणी म्हणू नये. पुण्यात लॉ कॉलेज रोडला आज जिथे एफटीआयआय (फिल्म इन्स्टिट्यूट) आहे तिथे प्रभातचा स्टुडिओ होता. १९३७ चा 'कुंकू' आणि त्याचीच हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' हे दोन्ही तिथेच झाले, दोन्हींत शांता आपटे आणि केशवराव दातेच. १९३९ चा 'माणूस' आणि 'आदमी' तसाच. हिंदीचं मार्केट मोठं म्हणून मराठी सोडली नाही, हिंदीच्या जोरावर मराठी तेवढ्याच दिमाखात केली. जे काम पुण्यात ऐंशीएक वर्षांपूर्वी होत होतं ते आज टीव्हीसाठी का होऊ नये? वेल्हे, भोर, जुन्नर, पावसाळ्यातली ताम्हिणी, मराठी आणि हिंदी दोन्ही सफाईने बोलणारे नाटकातले नट, सगळं इथेच आहे, आणि दोन्ही भाषा येणं हा नटाचा प्लस पॉइंट होईल. वेल्समधे तर 'कीपिंग फेथ' या मालिकेसाठी नटी ईव्ह माइल्सने वेल्श शिकून घेतली, २०१७ ला ती मालिका आधी एसफोरसीवर आली आणि २०१८ ला बीबीसी वनवरून देशभर गेली.

फक्त एक अट मात्र हवी, मराठी चॅनलचा माणूस स्क्रिप्ट ठरतानाच खोलीत पाहिजे आणि पहिलं प्रसारण मराठीत पाहिजे. नाहीतर हिंदीत सगळं ठरणार आणि मराठीला शेवटी उरलेला अर्धा दिवस मिळणार.

सेटला माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला कारण चारही भागांत दुःख जरा जास्तच दाट आहे, मधे कुठे श्वास घ्यायला हलका प्रसंग मिळत नाही, आणि तिसरा भाग मला ओढल्यासारखा वाटला. लहान मुलांबरोबर बघू नका. वेगवान ट्विस्ट लागत असतील तर पैसे घालवू नका. पण मालिका लिहिण्या-बनवण्याच्या कामात असाल तर नक्की बघा, आणि बघताना प्रत्येक सीनला हा विचार करा की त्याच जागेवर हाच सीन त्यांनी दुसऱ्या भाषेत परत केलाय.