दापोलीतली पाच महिन्यांची इंटर्नशिप: काम चांगलं, तिकिटं सांभाळा

गेल्या आठवड्यात माझं प्रवासबिल संस्थेच्या अकाउंटंटकाकांकडून परत आलं. रक्कम 386 रुपये. शेरा: ‘तिकिटांवर काही दिसत नाही.’ खरंच दिसत नव्हतं. एसटीच्या मशीनमधून निघालेलं तिकीट एप्रिलच्या उन्हात, घामात पंधरा दिवसांत कोरं होतं. मी तर शहाणपणा करून ती प्लॅस्टिकच्या पाकिटात जपली होती. त्यात अक्षरं आणखी लवकर उडतात, हे नंतर कळलं. तेव्हा तिकीट हातात पडलं की आधी फोटो काढा, मग खिडकीची जागा शोधा.

बचत गटांसोबतचं काम काय असतं ते अर्ज करणाऱ्यांना माहीत असतंच, ते परत सांगत नाही. मानधन 5,000, प्रवासखर्च वेगळा. वेगळा म्हणजे कसा, ते वर आलंच. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे मी संस्थेला निम्म्यात पडते. तरी अकाउंटंटकाका बिल असं धरतात, जणू मी दापोली तालुक्यातल्याच आंजर्ल्याला विमानानं जाऊन आले.

सकाळी नऊला ऑफिस, झाडू आपणच मारायचा. मग गावात घरोघर फॉर्म. ते मोबाइलवर भरायचे आणि रेंज फक्त शाळेमागच्या दगडी गडग्यावर चढल्यावर. दुपारी कुणाच्या तरी पडवीत भात आणि कुळथाचं पिठलं. पाच महिन्यांत जेवणाला एक रुपया लागला नाही. जाहिरातीत हे का लिहीत नाहीत कोण जाणे.

मे महिना आमसुलांचा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बी-गर काढायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची. वाळली की परत रस, परत ऊन. अशी चार-पाच पुटं बसली की साल काळीभोर होते. एका दुपारी अवचित सर आली. सगळ्या जणी ताडपत्रीकडे धावल्या, मी मोबाइल वाचवायला धावले. ते अजून ऐकून घेतेय.

इथवर मी तीन स्टार देणार होते. मग जूनमधली गटाची एक बैठक झाली. गाडी उशिरा आली, मी वीस मिनिटं उशिरा पोचले, तर नियमाप्रमाणे 10 रुपये दंड. “ताई, मी गटाची सभासद नाही,” म्हटलं. “पण बैठकीला बसतेस ना गो?” भरले. मग हप्ते, कर्जाचे परतावे, व्याज सगळं झालं आणि रोकड मोजली तर 2 रुपये जास्त. कमी नव्हे, जास्त! मागून कुणीतरी म्हणालं, “ऱ्हाऊदे गो, चहाला होतील.” सातवी शिकलेल्या खजिनदारताईंनी वर बघितलंसुद्धा नाही. “आज दोन चहाला, उद्या दोनशे चहाला.” चाळीस मिनिटं कुणी उठलं नाही. बाहेर कोंबड्या आमसुलांवर चढल्या तरी नाही. शेवटी एकीच्या व्याजात 12 च्या जागी 10 लिहिलेले सापडले.

त्या दिवसापासून काकांवरचा राग निम्मा झालाय. उरलेला निम्मा राखून ठेवलाय, कारण रुजू होताना एका वाक्यात तिकिटांचं सांगितलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं? चार स्टार.

ताजी खबर: खजिनदारताईंना तिकिटांचा किस्सा सांगितला तर त्यांनी हजेरीवही पुढे केली. मी बैठकीला गेले त्या प्रत्येक मंगळवारची तारीख, माझी सही, निळ्या शाईत, ठळक. त्या पानांच्या झेरॉक्स जोडून बिल पुन्हा टाकलंय. झेरॉक्सचे 14 रुपये झाले. पावती घ्यायची राहिली.