हाफ प्लेट मिळेल का?

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, चाळीसगाव डेपो. गाडी कुठल्या ढाब्यावर थांबते आणि ड्रायव्हर स्वतःच्या पैशाने कुठल्या टपरीवर खातो, यातला फरक मला झोपेतसुद्धा कळतो. त्यामुळे दादाला घेऊन मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचं ठरलं तेव्हा राहायचं कुठं, फाईल कधी निघणार, जनरलमध्ये नंबर कधी लागणार, सगळी काळजी केली, पण जेवणाची केली नाही. जिथं टॅक्सीवाले बसलेले दिसतील तिथं बसायचं, संपलं. पहिल्याच दिवशी हा हिशोब चुकला. टॅक्सीवाल्यांच्या हॉटेलातला रस्सा असा होता की मलाच ठसका लागला, आणि दादाचं तोंड तेव्हा जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. चाळीस वर्षं गालात तंबाखूची गोळी. त्याच गालाचं उन्हाळ्यात ऑपरेशन झालं आणि पावसाळ्यात रेडिएशन लागलं. ३० शेक, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. शिवाय आठवड्याला एक केमोची सलाईन. आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. तिथून हिंदमातावरून टाटा माझ्या चालीने पंधरा-वीस मिनिटं, दादाच्या चालीने अर्ध्या तासाच्या वर. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून माणूस मशीनखाली थोडा वेळच असतो. बाकीचा दिवस वाट बघण्यात आणि ‘आता याला काय खाऊ घालायचं’ यात जातो.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिखट नाही, आंबट नाही, कडक नाही, उघड्यावरचं कापलेलं फळ नाही, उसाचा रस नाही, बर्फ नाही. मऊ, कोमट, आणि प्रोटीन जाईल तेवढं. वजन उतरू द्यायचं नाही, कारण वजन उतरलं की मुखवटा सैल होतो आणि सगळं माप परत घ्यावं लागू शकतं. त्या म्हणाल्या, “काका, तुमचं काम डॉक्टरांइतकंच आहे.” मी मान डोलावली. बाहेर आल्यावर कळलं की आपल्याला वरण-भात सोडून एकही मऊ पदार्थ आठवत नाही. खान्देशातला माणूस मी. कळण्याची भाकरी, शेवभाजी, हिरव्या मिरचीचं भरीत. आमच्याकडे आजाऱ्याची खिचडीसुद्धा लाल असते.

एका एसी हॉटेलचं आधी सांगून टाकतो. नाव सांगत नाही, स्टेशनजवळ आहे एवढंच. काचेच्या दारातून आत गेलो तर वेटरने दादाच्या गालावरची पट्टी बघितली आणि आम्हाला हात धुवायच्या बेसिनजवळचं टेबल दाखवलं. पुढची चार टेबलं रिकामी होती. सूप मागवलं, मिरी टाकू नका असं दोनदा सांगितलं. आलं ते कॉर्नफ्लोअरची खळ आणि वर मिरी. गरम पाणी मागितलं तर बाटलीच घ्या म्हणाला. साधा दहीभात अर्धा द्याल का, असं विचारलं. “हाफ नहीं होता.” दादाने तीन घास खाल्ले, उरलेलं मी संपवलं, बिल फुलचं दिलं.

मला राग आला तो या ‘हाफ नहीं होता’चा. ३१ वर्षं मी हाफ तिकिटं फाडली. पोरगं बारा वर्षांचं दिसत असलं तरी आई “दहाचं आहे” म्हणाली की हाफ द्यायचो. अर्धं मागणाऱ्याला काहीतरी अडचण असते, एवढं कळायला काही शिक्षण लागत नाही. त्या दिवसापासून परळ-दादरमधलं प्रत्येक हॉटेल मी चार गोष्टींवर तपासलं: हाफ प्लेट मिळते का, गरम पाणी न कुरकुरता देतात का, आपल्या डब्यात पार्सल भरून देतात का, आणि पट्टी बांधलेल्या माणसाकडे किती वेळ बघतात. चवीचा नंबर त्याच्या नंतर.

टॅक्सीवाल्यांऐवजी मी फाईलवाले शोधायला लागलो. टाटाची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेली माणसं ज्या हॉटेलात दोन-तीन टेबलांवर दिसतील, ते हॉटेल बघायचं. अशीच एक छोटी उडपी खानावळ सापडली, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, सहा टेबलं. तिथला पोऱ्या पहिल्या दिवशी इडली ठेवून गेला आणि दादाची खटपट लांबून बघत राहिला. हॉटेलचा चमचा तोंडात जाईना. दादा चमचा उभा करून बघत होता, आडवा करून बघत होता. पोऱ्या न बोलता बाहेर गेला आणि समोरच्या दुकानातून आइस्क्रीमच्या कपाबरोबर मिळतो तो चपटा लाकडी चमचा घेऊन आला. त्याच्यावर इडलीचा कण सांबारात नाही, कोमट दुधात भिजवून ठेवला, आणि तो गेला. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही बसलो की पाण्याच्या ग्लासाआधी तो चमचा यायचा. इडली तिथली बरी होती, ग्रेट नव्हती. सांबार पातळ. तरी या हॉटेलला माझे पैकीच्या पैकी.

इडलीच खायची असेल आणि पेशंटमध्ये थोडी ताकद असेल, तर माटुंगा. दादरहून लोकलने एक स्टेशन. माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला भांडारकर रोडवर राम आश्रय आहे, १९३९ पासूनचं. पहाटे उघडतं, आणि बाहेरगावच्या माणसाला हीच वेळ धरायला हवी. आमचा शेक दुपारचा होता, म्हणून सकाळी साडेसहाला आम्ही तिथं. रविवारी मात्र जाऊ नका. रस्त्यापर्यंत रांग असते आणि रांगेत उभं राहणं हे पेशंटचं काम नाही. तिथला उपमा मऊ, मोकळा नाही, आणि हे मी कौतुकाने सांगतोय. मिरची दिसते ती बाजूला काढता येते. शिरा अननसाचा असतो, दुसराही असतो, फळ्यावर लिहिलेलं वाचायचं. पहिल्या आठवड्यात दादाने तिथं पूर्ण प्लेट शिरा खाल्ला आणि बोटाने खूण केली, अजून एक. मी फिल्टर कॉफी दोनदा घेतली. आमच्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्यांना आणि जागरणाला, पण तिथं वाटीत ओतून पिताना एसटीतला पहाटेचा डेपो आठवला.

तिसऱ्या आठवड्यात सगळं बदललं. तोंड आतून सोलून निघालं. लाळ आटली आणि चव गेली. गोड म्हणून दिलेलं त्याला माती लागायचं, पाणीसुद्धा झोंबायचं. इथून पुढं हॉटेल म्हणजे काय, तर ज्याच्याकडे मिक्सर आहे तो. परळला एक ज्यूस सेंटर आहे. त्याच्याकडे मी आमच्या घरचं डाळ्याचं पीठ, चाळलेलं, डब्यात घेऊन गेलो. म्हटलं, केळं, दूध, दोन भिजवलेले खजूर आणि यातलं दोन चमचे पीठ, बर्फ नको, दूध उकळलेलं पाहिजे, भांडं गरम पाण्याने धुवून घे. एवढ्या अटी ऐकल्यावर दुसरा कोणी हाकलून देता. त्याने विचारलं, “टाटा?” मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, “खजूर का छिलका निकालना पडेगा, गले में अटकता है.” म्हणजे आमच्या आधी कितीतरी जण त्याच्याकडे अशा यादीसकट येऊन गेले होते. दहा रुपये जास्त घ्यायचा, रोज दोन ग्लास. चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात दादा बराचसा त्या दोन ग्लासांवर टिकला. वजन सव्वा दोन किलो उतरलं, मुखवटा बदलावा लागला नाही.

आता माझ्याबद्दल, कारण पेशंटबरोबर गेलेल्या माणसाच्या पोटाचं कोणी लिहीत नाही. चौथ्या आठवड्यापासून दादासमोर जेवायची मला लाज वाटायची. त्याला खोलीवर झोपवून मी चोरासारखा बाहेर पडायचो. दादर पश्चिमेला स्टेशनजवळ मामा काणे आहे, १९१० पासूनचं. तिथला बटाटेवडा आमच्या वड्यापेक्षा सौम्य. लसणाची सवय असलेल्या जिभेला पहिल्यांदा फिका वाटतो, तिसऱ्यांदा आवडतो. शिवाजी पार्कजवळच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा खाल्ला, श्रावणी सोमवार होता. बाहेरून कडक, आत मऊ, आणि गोडसर चटणी. त्यावर पियुष. आमच्याकडे पियुष नाही. श्रीखंड आणि ताक घुसळून केल्यासारखं, जायफळाचा वास. पहिला घोट घेतला आणि दादासाठी न्यावं असं मनात आलं. मग आंबट नाही हे आठवलं. ग्लास तसाच अर्धा ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी विचारलं, आवडलं नाही का हो?

रात्री नऊला वहिनीचा फोन यायचा. “जेवले का ते?” हा पहिला प्रश्न. “तुम्ही जेवलात का भाऊजी?” हा दुसरा. दोन्हीला मी हो म्हणायचो.

टाटाच्या बाहेर फुटपाथवर वेगवेगळ्या संस्थांची माणसं जेवण वाटतात, हे लिहिलं नाही तर माहिती अपुरी राहील. वरण, भात, पोळी, कधी खिचडी, कधी दूध. पहिले तीन आठवडे मी त्या रांगेजवळून मान खाली घालून जायचो. आयुष्यभर लोकांना रांगेत उभं केलं, आपण फुकटच्या रांगेत कसं उभं राहायचं? मग एके दिवशी बिहारच्या एका पोराने, त्याची आई आमच्यासोबतच शेक घ्यायची, माझ्या हातात ताट दिलं आणि स्वतःसाठी परत रांगेत गेला. खिचडी बिनतिखटाची, मऊ, वर चमचाभर तूप. पैसे देऊन मागितलेली कुठल्याच हॉटेलात मला अशी मिळाली नव्हती. त्यानंतर मी रोज डबा घेऊन उभा राहायचो, दादाची खिचडी तिथली, पाणी घालून परत घोटलेली.

आमचा शेवटचा शेक खरं तर शुक्रवारी व्हायचा. पण तो निघाला १५ ऑगस्ट, सुट्टी, म्हणून सोमवारवर गेला. दादाने पाटीवर लिहून मला दोन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं (बोलणं त्याने तेव्हा बंदच केलं होतं): शेवटच्या दिवशी तू केळीच्या पानावर जेवायचं, मी बघणार. धर्मशाळेतल्या एका सोलापूरच्या माणसाने त्याला माटुंग्याच्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगबद्दल सांगितलं होतं, स्टेशनला लागून, पहिल्या मजल्यावर, १९४२ सालचं. सोमवारी शेक झाला आणि बाहेर बघतो तर पाऊस असा की समोरची बिल्डिंग दिसेना. हिंदमाताला गुडघ्यापर्यंत पाणी. लोकलचं काही खरं नव्हतं. दादाला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवून मी वडापाव खाल्ला, उभ्या उभ्या, पावाची एक बाजू भिजलेली. तो बघत होता. मग पाटी काढून त्याने लिहिलं, ‘पान कुठाय?’

नोव्हेंबरात फॉलोअपला गेलो तेव्हा तो तोंडाचा व्यायाम इमानदारीने करत होता. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायची आणि दर आठवड्याला एक काडी वाढवायची. त्या पोऱ्याच्या चमच्यासारख्याच काड्या. तोंड अडीच बोटांवर आलं होतं. तेव्हा गेलो एकदाचे रामा नायकांकडे. ताटातली मर्यादित थाळी आणि पानावरची पोटभर, असे दोन प्रकार आहेत. वाढपी भराभर येतात, नको म्हणायला हात आडवा धरावा लागतो. रसम माझ्यासाठी, जरा आंबट. दादाने ते चाखून ठेवलं. पण कूटू (डाळ घालून केलेली मऊ भाजी), भात आणि दही त्याने पानावर कालवून, हाताने, छोटे छोटे गोळे करून खाल्ले. पाऊण तास लागला. कोणी उठा म्हटलं नाही. मी विचारायला गेलो नाही, पण हाफ प्लेटची गरजच पडली नाही, ताटातली थाळी त्याला बरोबर पुरली असती.

निघताना गल्ल्यावर कळलं की सोमवारी बोर्डिंग बंदच असतं. म्हणजे त्या पावसात पोहत गेलो असतो तरी काही उपयोग नव्हता. पुढची तारीख हॉस्पिटलने सोमवारची देऊ केली होती. मी बुधवार मागून घेतला.