टोस्टमास्टर्स क्लब: कुणासाठी, कशासाठी? एका सदस्येचा अनुभव

मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळते आणि इथल्याच एका टोस्टमास्टर्स क्लबची, म्हणजे चारचौघांत बोलण्याचा सराव करणाऱ्या मंडळाची, सदस्य आहे. ऑफिसातल्या दोघी-तिघींनी ‘मॅडम, तिथे नक्की काय शिकवतात?’ असं विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

तिथे कुणी शिकवत नाही. वर्ग नाही, सर नाहीत. सदस्यच भाषणं करतात आणि सदस्यच एकमेकांच्या भाषणांचं मूल्यमापन करतात. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी राल्फ स्मेडली यांनी वायएमसीए या तरुणांच्या संस्थेत पहिला क्लब सुरू केला, तेव्हापासून ढाचा साधारण हाच आहे. सभेचे तीन भाग. आधी तयारीची भाषणं, बहुतेक पाच ते सात मिनिटांची. मग टेबल टॉपिक्स, म्हणजे विषय तिथेच मिळतो आणि उभं राहून एक-दोन मिनिटं बोलायचं. शेवटी मूल्यमापन. टायमर, म्हणजे वेळ बघणारा सदस्य, किमान वेळ झाली की हिरवं, मग पिवळं आणि वेळ संपली की लाल कार्ड दाखवतो. आणखी एक जण फक्त ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ मोजत बसतो आणि शेवटी नावानिशी वाचून दाखवतो. आमच्याकडे इंग्रजी आणि मराठी दोन्ही चालतं, त्यामुळे ‘काय झालं की’सुद्धा मोजलं जातं.

बायकांना इथे रीतसर सदस्यत्व मिळायला १९७३ साल उजाडावं लागलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण मशीनच्या खडखडाटात आणि पुरुषांनी भरलेल्या मीटिंगमध्ये आपलं वाक्य पूर्ण होणं किती अवघड असतं ते मला रोज दिसतं. इथे लाल कार्ड येईपर्यंत बोलायचा हक्क आपला. कुणी मध्ये तोंड घालत नाही. निव्वळ एवढ्यासाठीसुद्धा मी कुठल्याही मुलीला जा म्हणेन.

पण माझ्या लेखी खरा माल भाषणात नाही, मूल्यमापनात आहे.

माझं एक भाषण बुशच्या, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या पोकळ गोल पार्टच्या, एका लॉटवर होतं. तो रिजेक्ट का केला, बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, व्यास टॉलरन्सबाहेर (चालणाऱ्या फरकाबाहेर) कसा गेला, टूल कसं झिजलं होतं, सगळं क्रमाने सांगितलं. मूल्यमापन करायला उभे राहिले ते एक निवृत्त बँक अधिकारी. ते म्हणाले, ‘ताई, तुमच्या आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास बसला. पण माल गेला की थांबवला, हे मला पिवळं कार्ड दिसल्यावर कळलं.’ माझ्या बोलण्याचं बळ आणि त्यातली उणीव त्यांनी एका दमात सांगितली. मी पुरावा मांडू शकते. निर्णय मात्र शेवटी ठेवते, कारण आमच्या कामात मोजमापाआधी निर्णय सांगायची सवयच नसते. आता सकाळच्या मीटिंगमध्ये पहिलं वाक्य ‘लॉट थांबवलाय’ हे असतं, कारणं नंतर. प्रॉडक्शनवाल्यांचा ‘मग काढायचा का नाही?’ हा प्रश्न त्यामुळे बंद झाला.

अभ्यासक्रमाचं नाव पाथवेज. मी निवडलेल्या मार्गात दुसऱ्या पातळीवर आपली संवादशैली ओळखण्याचा एक प्रकल्प आहे. प्रश्नावली भरायची, चारपैकी आपली शैली कोणती ते पाहायचं (डायरेक्ट, इनिशिएटिंग, सपोर्टिव्ह, ॲनालिटिकल) आणि तिचा आपल्या माणसांवर काय परिणाम होतो यावर भाषण करायचं. माझी अर्थातच ॲनालिटिकल, म्हणजे आकडे-पुरावे तपासत बोलणारी, निघाली. प्रश्नावली ठीकच आहे, स्वतःला थोडंफार ओळखणाऱ्याला त्यात नवीन काही सापडणार नाही. त्यानंतरच्या भाषणासाठी घरच्यांना आणि हाताखालच्या मुलांना ‘माझं बोलणं तुम्हाला कसं वाटतं?’ असं विचारत फिरले, ते जास्त कामाचं ठरलं. नवरा म्हणाला, ‘तू ऐकतेस, पण चूक सापडेपर्यंतच.’

ते किती खरं आहे हे मी मूल्यमापक म्हणून उभी राहिले तेव्हा समजलं. समोरच्याचं भाषण ऐकताना कागदावर टिपत होते आणि टिपलेलं सगळं दोष होते. नजर तशीच तयार झालीये, पार्ट हातात घेतला की आधी बर (कडेला राहिलेला धातूचा खरखरीत कंगोरा) दिसतो. पण इथे दोन-तीन मिनिटांत काय चांगलं होतं तेही सांगावं लागतं आणि नुसतं ‘छान झालं’ म्हणून सुटका नसते. कुठलं वाक्य, कुठला थांबा, तो का परिणामकारक झाला, हे नेमकं सांगायचं. माझ्यासारखीला हे भाषणापेक्षा जड जातं. म्हणूनच मी ही भूमिका मागून घेते.

परवा नवीन ट्रेनीच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही करताना म्हटलं, ‘रीडिंगसोबत मायक्रोमीटरचा नंबर लिहिलास, हे फार चांगलं केलंस. आता वेळही लिहीत जा.’ दुसऱ्या दिवशी नंबर होता, वेळही होती. पूर्वी मी फक्त वेळेचं बोलले असते.

आता मर्यादा. भाषण आणि संवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिडलेल्या ग्राहकाशी फोनवर कसं बोलावं, घरात विषय चिघळला तर कसं थांबावं, याचा सराव ठरावीक मिनिटांच्या भाषणातून फारसा होत नाही. टाळ्याही सढळ हाताने पडतात, त्यामुळे आपण प्रत्यक्षात आहोत त्यापेक्षा पुढे गेलोय असं वाटू शकतं. फी सहा महिन्यांनी भरायची असते आणि संस्थेचा हिशेब डॉलरमध्ये, तेव्हा रुपयांतली रक्कम आधी विचारून घ्या. आणि नियमित जाणं जमणार नसेल तर पैसे भरू नका, महिन्यातून एकदा डोकावून काही पदरात पडत नाही.

ज्यांना मंचाची भीती वाटते त्यांनी जावंच. ज्यांना भीती वाटत नाही, उलट आपण चांगलं बोलतो अशी खात्री आहे, त्यांनी तर नक्की जावं. आधी पाहुणे म्हणून एक सभा बघा, त्याचे पैसे लागत नाहीत. टेबल टॉपिक्स झाले की चहाच्या ओढीने किंवा बसच्या घाईने बरेच पाहुणे उठतात. तेवढं करू नका, मूल्यमापन पूर्ण ऐका आणि मगच ठरवा.